सात तासांत सुरत : एका सहलीची चिकित्सा

मंडळाच्या गेल्या बैठकीत मी सुरतेच्या सहलीबद्दल पाच-दहा मिनिटं बोललो, तेव्हा बऱ्याच सभासदांनी 'हे लिहून काढा' असा आग्रह धरला. म्हणून हे टिपण. पुस्तकाचं परीक्षण लिहितो त्याच पद्धतीने मी सहलीचं परीक्षण करणार आहे. सहल हीसुद्धा इतिहास सांगण्याची एक रीत आहे, आणि सुरतेवरचं एखादं पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा अशा सहलीला जाणारी माणसं कितीतरी जास्त असतात. तेव्हा तिच्यात काय सांगितलं जातं, काय गाळलं जातं, याकडे आपण लक्ष द्यायला हवं.

आधी प्रसंग सांगतो. सौराष्ट्र दर्शनाच्या सहलीत आम्ही नाशिकचे एकतीस जण होतो. सोमनाथ, दीव, भावनगर झालं. शेवटच्या दिवशी घोघ्याहून रो-पॅक्स बोटीने खंबातचं आखात ओलांडून हजिऱ्याला उतरायचं, तिथून बसने सुरत बघायची आणि रात्रीची गाडी पकडायची, असा बेत. ही बोटसेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा पडतो, तो समुद्रातून ९० किलोमीटरवर येतो आणि दहा-बारा तासांचा प्रवास चार तासांत होतो. बोट उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सुरतेचा दिवस मात्र एका स्थानिक आयोजकाकडे सोपवलेला होता. बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या हाती एक रंगीत माहितीपत्रक पडलं. वर लिहिलं होतं 'एक दिवस सुरत'. बसमध्ये चढलो साडेबाराला आणि स्टेशनवर उतरलो साडेसातला, म्हणजे एक दिवस कसला, सात तास.

मी मुळात मेकॅनिकल इंजिनियर. कुठल्याही कामाची तक्रार आली की आधी वेळेची नोंद काढायची, ही जुनी सवय. त्या दिवशीही घड्याळ लावून लिहीत गेलो. एकूण ४२० मिनिटांचा हिशेब असा : हजिऱ्याहून शहरात यायला ५५, जेवण ६०, किल्ला ५०, कापड मार्केट ११०, हिऱ्यांचं दुकान ४०, गोपी तलाव ३५, इंग्रजांचं कबरस्तान १५, आणि मधल्या रहदारीत ५५. म्हणजे खरेदीला १५० मिनिटं आणि इतिहासाला १००. त्या शंभरातली अर्धी किल्ल्याने घेतली.

खरेदीवर माझा राग नाही. बायकांनी साड्या घेतल्या, मीही दोन शर्टपीस घेतले. सुरतेत जाऊन कापड बघायचं नाही तर काय बघायचं? सतराव्या शतकात जगातली जहाजं इथे येत होती ती मुख्यतः कापडासाठीच. माझा मुद्दा असा, की मार्केटमध्ये ११० मिनिटं घालवूनही हे एक वाक्य कोणी आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तीच ११० मिनिटं इतिहासाच्या खात्यात जमा झाली असती.

आता मूळ दोषाकडे येतो. ही सहल समुद्रावरून आलेल्या माणसांसाठी आहे आणि तिच्यात समुद्रच नाही.

आम्ही हजिऱ्याला उतरलो. तिथून उत्तरेला, फार दूर नाही, सुवाळीचा किनारा आहे. जुन्या इंग्रजी कागदांत 'स्वाली' म्हणतात ते हेच. तापीच्या मुखाशी गाळ साचायचा, म्हणून मोठी जहाजं नदीतून शहरापर्यंत जाऊ शकत नसत. सुवाळीला किनारा आणि बाहेरची वाळूची दांडी यांच्यामध्ये खोल पाण्याची एक पट्टी होती. जहाजं तिथे नांगर टाकायची आणि माणसं व माल वीसेक किलोमीटर गाडीने किंवा होडीने सुरतेला जायचा. इंग्रज कंपनीचं 'हेक्टर' जहाज १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सला घेऊन सुरतेला आलं. १६१२ मध्ये टॉमस बेस्टने पोर्तुगीजांशी झुंज दिली ती याच पाण्यात. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथेच उतरला, आणि 'मी राजाचा वकील आहे, माझी आणि माझ्या माणसांची झडती घ्यायची नाही' असा हट्ट धरून त्याने जकातीच्या अधिकाऱ्यांशी किती तरी दिवस वाद घातला.

विचार करा, चारशे वर्षांनंतर पुन्हा माणसं समुद्रातून त्याच किनाऱ्याला लागतात आणि बसमध्ये बसून सुरतेला निघतात. सहलीच्या सुरुवातीलाच अशी गोष्ट आयती हाती आली होती. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र त्या ५५ मिनिटांत हजिऱ्याच्या कारखान्यांची नावं सांगितली आणि अंताक्षरी घेतली.

इथे मला माझंही माप पदरात घेतलं पाहिजे. नव्वदच्या दशकात मी चार वर्षं हजिऱ्याच्या पट्ट्यात पाइपलाइनच्या कामावर होतो. सुवाळीवर आम्ही सुटीच्या दिवशी जायचो, भुईमुगाच्या शेंगा खायचो आणि परत यायचो. भरती-ओहोटीचे तक्ते तोंडपाठ होते, कारण अवजड सामानाच्या बार्जेस त्या वेळापत्रकावर चालायच्या. पण त्याच भरतीवर साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी अख्ख्या मुघल साम्राज्याचा व्यापार हलत होता, हे मला ठाऊक नव्हतं. चाळिशीनंतर पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं. म्हणून त्या मार्गदर्शक मुलीला मी दोष देत नाही. तिला कोणी सांगितलंच नसेल. दोष पत्रक लिहिणाऱ्याचा.

त्या पत्रकातल्या तीन विधानांची तपासणी करू.

विधान पहिलं : 'मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून रक्षण करण्यासाठी सुरतेचा किल्ला बांधण्यात आला.' हे चूक आहे. किल्ला गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात खुदावंदखान या सरदाराने बांधवला आणि १५४६ च्या सुमारास पुरा झाला. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. चौऱ्यांशी वर्षं आधी कोणी त्यांच्यासाठी बुरूज बांधत नाही. किल्ला होता पोर्तुगीजांसाठी, जे नदीतून येऊन शहर जाळून जात. तो ऐन तापीच्या काठावर का आहे, याचं उत्तर त्यातच आहे. त्याने नदी राखायची होती. दगडांच्या सांध्यांत लोखंडी पकडी घालून त्यांत शिसं ओतल्याची नोंद आहे. तोफेचा धक्का सहन करणारं बांधकाम म्हणजे काय, हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण सहसा मिळत नाही.

ही तारखेची बारीकसारीक चूक नाही. किल्ला नदीसाठी होता हे कळलं की १६६४ चा जानेवारी कळतो. महाराज जमिनीकडून आले, गणदेवीच्या बाजूने, उधन्यावरून. तिकडे शहराला नीटसा कोटही नव्हता. मातीची भिंत होती, विटांचा पक्का कोट त्यानंतर झाला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला शेवटपर्यंत पडला नाही, आणि शहराला त्याचा उपयोगही झाला नाही. उलट किल्ल्यावरच्या तोफांचे गोळे शहरातच पडत होते, असं इंग्रज वखारवाल्यांनी लिहून ठेवलं आहे. पत्रकात अभिमानाने छापलंय, की 'हा किल्ला शिवाजीलाही जिंकता आला नाही'. अरे, पण जिंकायचा होता कुणाला? पैसा किल्ल्यात नव्हता, पेठेत होता.

विधान दुसरं : 'सर जॉर्ज ऑक्झेंडन हा मराठ्यांशी लढताना मारला गेला. त्याची ही भव्य कबर.' ऑक्झेंडनने १६६४ मध्ये इंग्रजांची वखार राखली, हे खरं. तो वारला १६६९ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. त्या दुमजली घुमटाच्या इमारतीत त्याचा भाऊ क्रिस्टोफर आधीपासून होता, तो १६५९ मध्ये गेला होता. इमारतीचा घाट मुसलमानी, आतली माणसं ख्रिस्ती, पैसा व्यापाराचा. सुरत एका इमारतीत समजावून सांगायची तर ही इमारत पुरेल. आम्हाला तिथे पंधरा मिनिटं मिळाली, त्यातली निम्मी फोटोत गेली.

तिथून जवळच डच आणि आर्मेनियन कबरस्तान आहे. बस तिथे थांबलीच नाही. तिथे हेंड्रिक व्हान रीड पुरला आहे. १६९१ च्या डिसेंबरात कोचीहून सुरतेकडे येताना तो जहाजावर वारला. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ मध्ये पहिला खंड ॲम्स्टरडॅमला छापला गेला, आणि अखेरचा त्याच्या मृत्यूनंतर. या कामात त्याला मदत करणारे वैद्य होते रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं कोकणी भाषेतलं प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेलं आहे. आपली लिपी १६७८ साली युरोपातल्या छापील ग्रंथात नेणारा माणूस सुरतेच्या एका गल्लीत झोपलाय, आणि एकतीस मराठी माणसं त्याच्या शेजारून हिऱ्यांच्या दुकानाकडे गेली!

विधान तिसरं, आणि खरं भांडण याच्यावर : 'शिवाजीने सुरत दोनदा लुटली. सुरतेचं वैभव संपलं.' सुरतेच्या मराठ्यांशी असलेल्या नात्याबद्दल पत्रकात एवढंच. मार्गदर्शक मुलीने बसमध्ये हेच हिंदीत सांगितलं. आमच्यातले एक ज्येष्ठ काका उभे राहिले. 'महाराज म्हणा आधी!' मागून कोणी घोषणा दिली. दुसरे एक म्हणाले, लूट म्हणायचंच नाही. मुलगी गोंधळून गेली. तिचा आवाज बसला आणि पुढे तासभर ती काही बोललीच नाही. मंडळाचा कार्यवाह, सुरतेवर निबंध वाचलेला माणूस, म्हणजे मी, खिडकीबाहेर बघत गप्प बसलो होतो. हा लेख लिहायचं खरं कारण ते आहे.

त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आता लिहितो. एकेरी उल्लेख खटकला, तो खटकायलाच हवा, पण ते समजावून सांगता येतं. मुद्दा पुढचा आहे. लूट झाली का? झाली. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्या हवेल्या रिकाम्या झाल्या, शहराचा मोठा भाग जळला, लोक नदीपार पळाले. धन दडवणाऱ्यांचे हात तोडल्याच्या नोंदी इंग्रजी पत्रांत आहेत, त्या आपण लपवायच्या नाहीत. तशाच दुसऱ्या नोंदीही आहेत. ख्रिस्ती पाद्री फादर अँब्रोझ याला आणि त्याच्या मठाला धक्का लागला नाही. एक दलाल हयातीत दानशूर होता असं कळल्यावर त्याचं घर वगळलं, हे बर्निये लिहितो. बोलणी करायला म्हणून किल्ल्यातून आलेल्या माणसाने महाराजांवर कट्यार चालवली, हेही त्याच इंग्रजी कागदांत आहे.

आणि हे का झालं? शायिस्ताखान १६६० पासून तीन वर्षं पुण्यात तळ देऊन होता. मुलूख उद्ध्वस्त झाला होता. त्या फौजेचा पगार जिथून निघतो त्या तिजोरीवर हात घालणं, हा त्या काळच्या युद्धाचा भाग होता. सुरत म्हणजे मुघलांचं सर्वांत श्रीमंत बंदर, हजच्या जहाजांचं बंदर. तिथे धक्का दिला की दिल्लीपर्यंत पोचतो. आपण नाशिककरांनी तर हे विसरूच नये. १६७० मध्ये सुरतेहून परतताना बागलाणातून, मुल्हेरकडून महाराज आले आणि दाऊदखानाशी गाठ पडली ती वणी-दिंडोरीला. सुरतेच्या गोष्टीचा शेवट आपल्या जिल्ह्यात आहे.

'वैभव संपलं' हे मात्र साफ चूक. वीरजी व्होरा पहिल्या स्वारीनंतरही व्यापार करत होता. १६६६ मध्ये तिथे आलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो त्याची मालमत्ता ८० लाखांची असल्याचं सांगतो. सुरतेचा खरा उतार अठराव्या शतकातला. मुघल सत्ता ढासळली, नदी गाळाने भरत गेली, मुंबई वाढली, आणि १७५९ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. शिवाय मराठ्यांचं सुरतेशी नातं दोन स्वाऱ्यांपुरतं नाही. राघोबादादांनी इंग्रजांशी तह केला तो इथेच, मार्च १७७५ मध्ये, आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभा फुटली तीही इथेच. टिळक मंचावर उभे राहिले आणि मंडपात जोडा भिरकावला गेला. त्या जागेचं नावही पत्रकात नाही.

आणि आजचं नातं? ते आमच्या बसच्या स्टिअरिंगवर बसलं होतं. ड्रायव्हरदादा लिंबायतला राहणारे, मूळचे शिंदखेड्याकडचे. वडील ताप्ती व्हॅलीच्या गाडीने यंत्रमागावर कामाला आले ते इथलेच झाले. चहाच्या टपरीवर मी अहिराणीत दोन शब्द बोललो तर खुलले. म्हणाले, 'भाऊ, अर्धं सुरत तं आपलंच शे.' उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खान्देशी माणूस किती आहे ते सुरतेला जाणाऱ्या कोणालाही दिसतं. बसमधलं भांडण त्यांनी ऐकलं होतं. त्यावर त्यांनी काहीच शेरा मारला नाही, फक्त म्हणाले, 'त्या पोरीला पाणी द्या कोनी.' मला जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं.

पाणी मी नेऊन दिलं. मग गोपी तलावाच्या पायऱ्यांवर बसून तिच्याशी बोललो. तलाव सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक गोपीने बांधला, हे तिला माहीत होतं. १६२३ मध्ये इंग्रज जहाजातून उतरलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले हाच तलाव बघायला आला होता आणि त्याने तो लिहून ठेवला, हे माहीत नव्हतं. 'मतलब वो भी हमारे जैसे टूरिस्ट थे?' तिने विचारलं. अगदी तसेच, मी म्हटलं. तिने वही काढून नाव लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये तिने माइक हातात घेतला आणि सुवाळीची गोष्ट सांगितली. सगळे ऐकत होते. काकाही.

तेव्हा नुसती टीका करून थांबत नाही. तेवढ्याच ४२० मिनिटांत काय बसवता येईल ते मांडतो. सुवाळीच्या किनाऱ्यावर २५ मिनिटं, पाण्यात न उतरता, कारण भरती फसवी आहे. तिथे जाण्यायेण्याची १५ धरा. हजिरा ते शहर ५५, जेवण ५०. किल्ला ६०, नदीच्या बाजूने सुरुवात करून. तिथून पायी मुघलसराई, २० मिनिटं. १६४४ ची ही सराई, हजला जाणाऱ्या यात्रेकरूंचा मुक्काम, १८६७ पासून तिथे नगरपालिकेचं आणि आता महापालिकेचं कार्यालय आहे. बाहेरून बघितली तरी चालेल. इंग्रज आणि डच कबरस्तानं मिळून ५०. गोपी तलाव ३०. कापड मार्केट ६०, पण 'इथलं कापड जहाजात कसं जायचं' हे सांगत. रहदारीला ५५. बेरीज करा, ४२० च येते. हिऱ्यांचं दुकान गेलं, त्याला इलाज नाही.

चांगलं काय ते न सांगणं अन्याय होईल. महापालिकेने किल्ल्याची डागडुजी मनापासून केली आहे आणि आतली दालनं नीट बघण्याजोगी आहेत. गोपी तलावाला पाणी आणि माणसं दोन्ही परत आली. आमच्याच नाशिकमधले किती जुने वाडे आपण असे राखले, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

आयोजकाला मी पत्र लिहून तीनही चुका कळवल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर इथेच देईन. मंडळातर्फे सुरतेवर मराठीत आणि हिंदीत दोन पानांचं एक टिपण करून तिथल्या मार्गदर्शकांना फुकट द्यावं, अशी माझी सूचना आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ती घातली आहे. ज्यांना त्यात हातभार लावायचा असेल त्यांनी येताना १६७० च्या परतीच्या वाटेचा आपापला नकाशा घेऊन यावा. कंचनघाटाच्या जागेबद्दल आपलं आपसांतलं भांडण अजून मिटायचं आहे.